तलवारशेपटीची नातवंडं

माशाच्या शेपटीला उडदाची डाळ चिकटलीय असं वाटलं, म्हणून मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डाळ कुठली असायला! शेपटीच्या मुळाशी काळीभोर, खडबडीत गाठ आली होती आणि पोहताना तो मासा त्या बाजूला जरासा कलत होता. शुक्रवारची सकाळ, इथे सुट्टीचा दिवस. साबीर अजून झोपलेला, आमची लेक निदा हॉलमध्ये पालथी पडून चित्र रंगवत होती आणि मी हातात माशांच्या खाण्याची डबी धरून टाकीसमोर उभी. खरं सांगायचं तर मला त्या टाकीचं कौतुक कधीच नव्हतं. इथे आखातात, फिंतासच्या आमच्या फ्लॅटमधून दोन बिल्डिंगांच्या फटीत समुद्र दिसतो, घरात आणखी पाणी कशाला, असं माझं म्हणणं. पण नवरा दाभोळचा. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला डोळ्यांसमोर हलतं पाणी लागतं म्हणे. त्याने फ्रायडे मार्केटातून टाकी आणली, पंप आणला, शेवाळ आणलं आणि रोज सकाळी दक्षिणेकडच्या रिफायनरीत कामाला निघून जायला लागला. तेव्हापासून खायला घालायचं काम माझ्याकडे. सांगायचं कुणाला? मी ती गाठ बघत राहिले. मासा खाणं तोंडात घेत होता, थुंकत होता, पुन्हा घेत होता. त्याला काही झालंय हे त्याला माहीत नसावं. मला मात्र तिथून हलवेना, आणि एवढ्याशा माशासाठी आपलं असं का व्हावं याचा रागही आला.

हा मासा म्हणजे टाकीतली तिसरी पिढी. अगदी सुरुवातीला साबीरने दोनच मासे आणले होते. एक हिरवट स्वोर्डटेल नर, शेपटीखाली लांब पातं असलेला, त्याला साबीर तलवारशेपटी म्हणतो. आणि एक गुबगुबीत तांबडी प्लाटी मादी, अंगावर काळे ठिपके असलेली. दोघंही अंडी न घालता थेट पिल्लंच देणाऱ्यांपैकी. दुकानदार म्हणाला, दोन वेगळ्या जाती आहेत, भांडणार नाहीत. भांडले नाहीतच. महिन्याभरात शेवाळात तांदळाएवढी पिल्लं दिसायला लागली. ती मोठी झाली तशी त्यांची तऱ्हा कळली. अंग आईसारखं, शेपटीला अर्धवट तलवार आणि ठिपके आईपेक्षा मोठे, काळेशार, शाई सांडल्यासारखे. साबीर खूश. मग तो तलवारशेपटी एक दिवस टाकीतून उडी मारून सोफ्याखाली मेला. तेव्हा साबीरने त्याच जातीचा दुसरा नर आणला आणि त्या नराला या ठिपकेवाल्या पोरींपासून पुन्हा पिल्लं झाली. गाठ आलेला हा त्यांच्यातला.

आई आली होती तेव्हा ही नातवंडं नुकतीच झाली होती. माझी आई, वासंती, साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या घरी आली, ती गेल्या थंडीत, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. त्या शुक्रवारी तिला परत जाऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि होती तोवर निदाची वेणी तीच घालायची. येताना स्वतःचं पातेलं, स्वतःचा तवा, स्वतःचं पाण्याचं तांब्याभांडं घेऊन आली. विमानात सामानाचं वजन जास्त झालं तेव्हा म्हणे तिने साड्या काढून भावाकडे दिल्या, पण पातेलं काढलं नाही. दहा वर्षं जी बाई आली नव्हती ती पातेलं घेऊन का होईना आली, असं मनाला समजावलं. साबीरला ती "तुम्ही" म्हणायची, जावयाला म्हणावं तसं. त्यात मान होता आणि अंतरही होतं, दोन्ही मोजून. संध्याकाळी तो कामावरून आला की ती टाकीसमोर खुर्ची ओढून बसायची, कारण तिकडे तोंड केलं की कुणाशी बोलावं लागत नाही. एकदा तिनेच विचारलं, "ही बारकी कुणाची हो?" साबीर असा की त्याला माशांबद्दल विचारलं की थांबता येत नाही. त्याने तिला सगळं साग्रसंगीत सांगितलं. जाती वेगळ्या, पण जमतं त्यांचं, पिल्लं दोघांची मिळून होतात, धड ही नाहीत धड ती नाहीत, पण बघा आई, कशी ऐटीत फिरतात! मी स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे, आणि धरणी दुभंगेल तर बरं असं वाटतंय. याला कळत कसं नाही! आई काचेकडे बघतच म्हणाली, "आणि त्या पिल्लांना पुढे पिल्लं होतात?" "होतात की," साबीर म्हणाला. "मग झालं तर," असं म्हणून ती उठली आणि आपल्या तव्यावर आपली भाकरी टाकायला गेली. "मग झालं तर" म्हणजे काय, हे मी तेव्हापासून कितीदा उगाळलं असेल. टोमणा होता की नव्हता? आईच्या बोलण्यात टोमणा शोधायची मला सवयच लागलीय.

कारण "धड ही नाहीत, धड ती नाहीत" हे तिचंच वाक्य होतं. साबीरला कसं माहीत असणार, मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. पुण्यात रजिस्टर लग्न करायचं ठरलं तेव्हा मी साताऱ्याला सांगायला गेले होते. आईने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ती वाटाणे सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "तुम्ही दोघं सुखाने राहाल, मला ठाऊक आहे. मुलगा वाईट असता तर मी भांडले असते. पण पोरं कशी निपजतील, कौमुदी? ना धड इकडची, ना धड तिकडची. त्यांना भोगावं लागेल ते." बास, एवढंच. भांडण केलं असतं तर मी चार दिवसांत विसरले असते. ते वाक्य मात्र वाटाण्याच्या सालींसकट डोक्यात राहिलं. निदा झाली तेव्हा दवाखान्यात मी आधी तिची बोटं मोजली, आणि मोजून झाल्यावर आपण हे का मोजतोय हे कळून मला स्वतःची लाज वाटली.

तर त्या शुक्रवारी मी मोबाइलवर शोधलं. शोधायला नको होतं. आजार शोधायला गेलं की मोबाइल सुतावरून स्वर्ग गाठतो, हे मला काय ठाऊक नाही? पण शोधलं, आणि वाचलं ते असं, की ठिपकेवाल्या प्लाटीचा आणि स्वोर्डटेलचा संकर झाला, आणि त्या संकराचा पुन्हा स्वोर्डटेलशी, तर काही पिल्लांच्या ठिपक्यांमधून काळा कॅन्सर उगवतो. आईला रोग नसतो. बापाला रोग नसतो. आईजवळ ठिपका असतो आणि त्या ठिपक्याला आवरणारी काहीतरी वस्तूही असते. मिसळणीत ठिपका पुढे येतो आणि आवरणारं मागे राहतं. किती सरळ लिहिलं होतं ते! शास्त्रज्ञांना हे कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे म्हणे. मी खुर्चीवर बसले. निदाला म्हटलं, इकडे ये, वेणी घालते. मला हाताला काहीतरी काम हवं होतं. तिचे केस दाट, साबीरच्या घरचे, कंगवा अडकतो. उजव्या बाजूचे केस वर घेतले आणि कानामागे, केस सुरू होतात तिथे, मला काळा डाग दिसला. वाटाण्याएवढा. कडा वेड्यावाकड्या, भोवती करडी सावली, मधे जरा खरखरीत. तो तिथे आधी नव्हता. मी आई आहे, मला तिचा प्रत्येक तीळ माहीत आहे, हा नव्हता. "ममा, यू आर पुलिंग," निदा म्हणाली. मी विचारलं, इथे दुखतं का गं, काही लागलं होतं का? तिने मान हलवली आणि रंगाच्या पेन्सिली गोळा करायला गेली. माझ्या हातात कंगवा तसाच.

आता कुणी म्हणेल, बाई एम.कॉम. झालेली, बनेद अल-गारच्या ऑफिसात लाखोंचे हिशेब बघते, आणि माशावरून मुलीपर्यंत जाते? मीही स्वतःला तेच म्हणत होते. अगं, तुम्ही दोघं माणसं आहात. एकाच जातीचे प्राणी. सातारा आणि दाभोळ यांच्या मधे एक घाट आहे, समुद्र नाही. रक्त काढून ठेवलं तर कुणाचं कुठलं सांगता येणार नाही. हे सगळं डोक्याला कळत होतं. पोटाला कळत नव्हतं. पोट एकच धरून बसलं होतं, आई म्हणाली होती, भोगावं लागेल. ऑफिसात कुणी हाक मारली तरी मी दचकायची. फहाहीलच्या क्लिनिकात कातडीच्या डॉक्टरांची वेळ आठवड्यानंतरची मिळाली. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. निदा झोपली की हळूच केस बाजूला करायचे आणि डाग बघायचा. मोठा झालाय? नाही. हो. नाही. आंघोळीला साबण लावताना तिथे हात गेला की मला चटका बसल्यासारखं व्हायचं. शाळेच्या बसला ती हात हलवायची आणि मी हसून हात हलवायची आणि बस वळली की डोळे पुसायची. सकाळी टाकीपाशी जायचा धीर होत नव्हता, तरी जायची. गाठ आलेला मासा अजून खात होता. त्याचा मला राग यायचा आणि लगेच वाटायचं, बाबा, तू जग, तू जगलास तर बरं.

साबीरला मी डाग दाखवला होता, माशाचं काही बोलले नव्हते. तो म्हणाला, "नको गो घाबरू, तीळच असेल." त्याच्या या शांतपणावर मी दहा वर्षं जीव टाकलाय, पण त्या आठवड्यात मला तो शांतपणा सोसवेना. शेवटी बुधवारी तो टाकीची काच पुसत होता, गाठवाल्या माशाला बोटाने खुणावत "काय रे गड्या" म्हणत होता, आणि माझा तोल गेला. म्हटलं, टाकून दे ही टाकी! आत्ताच्या आत्ता! त्याने फडकं खाली ठेवलं. मग मी सगळं ओकले. मासा, कॅन्सर, संकर, आईचे वाटाणे, आईचं वाक्य. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. "दहा वर्षं हे घेऊन फिरतेस?" त्याने विचारलं. "आणि मी खुळ्यासारखा आईंना माशांची लग्नं सांगत बसलो," असं म्हणून त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. मला रडता रडता हसू आलं. त्यालाही आलं. पण हसून झाल्यावर तो निदाच्या खोलीत जाऊन तिच्या उशाशी बसला. तेव्हा मला कळलं की तोही घाबरलाय, आणि दोघं घाबरलोय म्हटल्यावर भीती अर्धी व्हायची ती दुप्पट झाली.

क्लिनिकात डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या, जाडसर, हसऱ्या, हातात काकणं. संध्याकाळचे पाच वाजत होते, बाहेर अजून डोळे दिपवणारं ऊन. त्यांनी निदाला उंच खुर्चीवर बसवलं, चॉकलेट दिलं, केस बाजूला घेतले आणि दिव्याचं भिंग लावून बघत राहिल्या. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. साबीरने माझं मनगट धरलं होतं, ते दुखत होतं, पण सोड म्हणवेना. मग त्यांनी कापसाला काहीतरी लावून डाग घासला, पुन्हा पाहिलं, आणि भिंग बंद केलं. "हा तीळ नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ट्यूमर तर अजिबात नाही. रंग आतून आलेला नाही, बाहेरून आलाय. कातडी भाजली होती, ती भरून आलीय. जाईल काही महिन्यांत." मला "अजिबात नाही" एवढंच ऐकू आलं. कानात दडे बसलेले सुटावेत तसे खोलीतले आवाज एकदम मोठे झाले. एसी, बाहेरचं रडणारं पोर, डॉक्टरांची काकणं. देवा, तुझे उपकार! साबीर हळूच "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाला आणि त्याने माझं मनगट सोडलं. पण डॉक्टर हसत नव्हत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे. "कशाने भाजलं?" भाजलं? कुणी? माझ्या डोळ्यांसमोरून शाळेची बस गेली, खालच्या मजल्यावरची ट्यूशनची बाई गेली, मैदानावरची मोठी मुलं गेली. डॉक्टर निदापुढे वाकल्या आणि मऊ आवाजात विचारलं, इथे तुला कुणी काही लावलं का, बाळ? निदाने चॉकलेट चघळणं थांबवलं. आमच्याकडे पाहिलं. मग अगदी कोर्टात साक्ष दिल्यासारखं म्हणाली, "आज्जी सेड नो टेलिंग. इफ यू टेल, इट स्टॉप्स वर्किंग."

मी पार्किंगमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर निदाला जवळ घेऊन बसले आणि आईला फोन लावला. साबीरने एसी सुरू केला आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला. साताऱ्यात तेव्हा मालिकेची वेळ. "आई, निदाच्या कानामागे काय लावलंस?" मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "सांगितलं वाटतं तिने," आई म्हणाली. "तरी बजावलं होतं, बोलायचं नसतं म्हणून."

"आई!"

"ओरडू नकोस. बिब्बा लावला. बिब्ब्याचा एवढासा ठिपका. सुई तापवून बिब्ब्यात खुपसली की तेल येतं, ते टेकवायचं नुसतं. तुला नव्हता लावला लहानपणी? जरा जास्त तेल आलं ते खरं. फोड आला का गं?"

"मी कॅन्सरपर्यंत जाऊन आले!"

"शुभ बोल नाऱ्या!" आई एकदम कडाडली. मग तिचा आवाज खाली आला. "इतकी घाबरलीस? अगं मला एक फोन करायचास की. चुकलं माझं. तुम्ही दोघं शिकलेले, नाही म्हणाल म्हणून गुपचूप लावला. तिथे त्या मॉलमध्ये जाऊ तिथे बायका पोरीच्या गालाला हात लावतात. लिफ्टमध्ये लावतात, दुकानात लावतात. माझा जीव वरखाली व्हायचा. नाक तुझं, डोळे जावयाचे, दोन्हीकडचं चांगलं तेवढं वेचून घेतलंय कार्टीने. दृष्ट लागणार नाही तर काय!"

आईने हे वाक्य इतक्या सहज टाकलं की दहा वर्षांपूर्वी आपण काय बोललो होतो ते तिला आठवतही नसावं, किंवा आठवत असेल आणि हेच तिचं उत्तर असेल. विचारायचं होतं, विचारलं नाही. आता विचारून काय करायचंय? छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं आणि मला नुसता श्वास घ्यायचा होता.

"आणि मी काही मनाने नाही केलं," आई पुढे म्हणाली. "विहीणबाईंना विचारलं आधी."

"कोण विहीणबाई?"

"किती विहिणी आहेत मला? रबियाबाई! तुझी सासू! जावयांच्या मोबाइलवरून नंबर घेतला मी. त्यांनी आमसुलं पाठवली होती मागे, म्हटलं आभार मानावेत. चांगल्या आहेत गं बोलायला. आता रोज दुपारी आमचं असतं. त्याही म्हणाल्या, माझ्याही मनात कधीचं आहे, पण सूनबाईला कसं सांगू. मग बिब्बा माझा, सुई तुझ्या घरातली, आणि त्या फोनवर."

साबीर आरशात तोंड उघडं टाकून बघत होता. त्याची अम्मी, जी आमच्याशी फोनवर तब्येत विचारून ठेवून देते! "दादी वॉज ऑन व्हिडिओ," निदाने आता बोलायची बंदी उठली असं समजून सांगून टाकलं. "शी वॉज सेइंग ब्लो, ब्लो."

"पण आमचं थोडं वाजलं," आई म्हणाली. "आमच्यात डाव्या कानामागे लावतात. त्या म्हणाल्या, हात्, उजव्या. मी म्हटलं डाव्या. त्या म्हणाल्या उजव्या."

"मग?"

"मग काय? त्या वयाने मोठ्या. आधी त्यांचं ऐकलं. आणि मग म्हटलं, आपलंही राहायला नको."

आठवडाभर मी एकाच कानाला चिकटून बसले होते. आता निदाला वळवून घेतलं, डाव्या बाजूचे केस बोटांनी वर केले. वर, अगदी दाट केसांत, तिळाएवढा काळा ठिपका होता. नीट, गोल, कुठेही न पसरलेला. दुसऱ्या वेळी आईचा हात बसला असावा. मी हसत सुटले, आणि हसता हसता इतकी रडले की निदा घाबरून "ममा, व्हॉट?" म्हणत माझे गाल पुसायला लागली. साबीर मागे वळून सीटवरून वाकला आणि त्याने मोबाइलचा उजेड धरून स्वतः पाहिलं.

"हॅलो? अगं, गेलीस का?" आई फोनवर ओरडत होती. "आहे ना तो? पुसला तर नाही ना? दोन्हीकडे आहे ना गं?"

"आहे, आई," मी म्हटलं. "दोन्हीकडे आहे."